वाचून दाखवणारी नाजिमा

अकबर अत्तार यांचं आडनाव तेवढं अत्तार होतं. अत्तराचा धंदा त्यांच्या आजोबांबरोबरच संपला होता. घोरपडी पेठेत त्यांचा बुकबाइंडिंगचा कारखाना होता. कारखाना म्हणजे रस्त्याला लागून दोन खोल्या आणि मागे अंगण. छापखान्यातून मोठाले फर्मे, म्हणजे एकेका कागदावर छापलेली बरीच पानं, यायचे. त्यांच्या घड्या घालायच्या, पानं क्रमाने जुळवायची, शिवायची, पुठ्ठा चढवायचा आणि पुस्तकांची चळत लोखंडी प्रेसमध्ये दाबून ठेवायची, असं ते काम.

नाजिमा ही त्यांची धाकटी मुलगी. तिने लहानपणापासून पुस्तकं वाचली ती सुट्या फर्म्यांतून. मागचं पान हाताशी नाही आणि पुढचं अजून छापून यायचंय. गोष्टीतल्या बाईचं लग्न आधी वाचायला मिळायचं आणि तिची ओळख चार दिवसांनी. घरात दखनी बोलली जायची, पण या वाचनाने नाजिमाचं मराठी असं काही घडलं की शाळेत बाई तिला उभं करून धडा वाचायला सांगायच्या आणि वर म्हणायच्या, "बघा, हिला येतं." त्या वाक्यातली खोच तिला बऱ्याच वर्षांनी कळली.

ती मराठी घेऊन बी.ए. झाली. नोकरी मिळेपर्यंत कारखान्यात बसून पानं जुळवत होती. चौऱ्याण्णव साल असेल. त्या पावसाळ्यात सुशीलाबाई कारखान्यात आल्या.

सुशीलाबाई विश्रांतवाडीला अंध मुलांचं एक लहानसं वसतिगृह चालवायच्या. खेड्यापाड्यांतून कॉलेजसाठी पुण्यात आलेली मुलं तिथे राहत. बाईंनी रिक्षातून जाडजूड बाडं उतरवली. बी.ए.च्या अर्थशास्त्राचं पुस्तक होतं, कोणीतरी घरी बसून ब्रेलमध्ये हाताने उतरवलेलं. पानं सुटी व्हायला लागली होती. बांधून हवी होती.

"नीट करा हं," सुशीलाबाई म्हणाल्या. "याची दुसरी प्रत नाही."

"काळजी नको," अकबरभाई म्हणाले.

त्यांनी खरंच नीट केलं. शिवण पक्की घातली, पाठीला कापड लावलं, आणि आयुष्यभर प्रत्येक पुस्तकाचं जे केलं तेच याचंही केलं. प्रेसमध्ये घालून चाक गच्च फिरवलं.

दोन दिवसांनी सुशीलाबाई योगेशला बरोबर घेऊन आल्या. योगेश ठवरे वरोऱ्याकडचा, अर्थशास्त्राचा विद्यार्थी. पुस्तक त्याच्यासाठीच होतं. त्याने पुठ्ठ्यावरून हात फिरवला, चांगलं झालंय म्हणाला, मग पुस्तक उघडलं. पहिल्या पानावरून बोटं फिरवली. मग मधलं एक पान उघडलं. मग शेवटचं. मग पुन्हा पहिलं.

"काय झालं?" अकबरभाईंनी विचारलं.

"यात काहीच नाही ना," योगेश म्हणाला. "कोरं आहे."

ब्रेलचे उठावाचे ठिपके दाबून सपाट झाले होते. डोळ्यांनी पाहिलं तर पानं आधी होती तशीच होती, पांढरी आणि स्वच्छ. अकबरभाईंना आधी कळेचना. मग कळलं तेव्हा ते खाली बसले. नव्याने जे काही करावं लागेल त्याचा खर्च मी देतो, असं ते पुन्हा पुन्हा म्हणत राहिले. सुशीलाबाई चिडल्या नाहीत. हे पुस्तक उतरवायला एका बाईंना वर्ष लागलं होतं, आणि त्या बाई आता हयात नाहीत, एवढंच त्यांनी सांगितलं.

नाजिमा हे सगळं फर्म्यांच्या गठ्ठ्याआडून ऐकत होती. ती पुढे आली आणि म्हणाली, "छापलेलं पुस्तक आहे ना तुमच्याकडे? मी वाचून देते. कॅसेटवर."

सुशीलाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. "सगळं?"

"सगळं."

तिला वाटलं होतं, महिन्याभराचं काम आहे. बापाकडून झालेली चूक भरून काढायची आणि मोकळं व्हायचं.

तिने टेपरेकॉर्डर मांडीवर घेऊन पहिल्या कॅसेटी भरल्या. आपल्याला छान वाचता येतं हे तिला ठाऊक होतं, म्हणून तिने छान वाचलं. दुष्काळावरचं प्रकरण आलं तेव्हा आवाज जड केला, हरितक्रांतीला उत्साह आणला. कॅसेटी पोचवायला ती विश्रांतवाडीला गेली तेव्हा योगेश म्हणाला, "एक सांगू का? राग नका मानू."

"सांगा ना."

"तुम्ही वाक्य संपायच्या आधीच सांगून टाकता, की हे वाईट आहे, हे चांगलं आहे. ते मला ठरवू द्या ना. आणि तुम्ही 'आकृतीत दाखवल्याप्रमाणे' म्हणून पुढे जाता. आकृतीत काय आहे?"

नाजिमाला राग आलाच. बसमध्ये ती तणतणतच बसली. पण घरी जाऊन तिने मागणीचा वक्र समोर ठेवला आणि तो शब्दांत सांगायचा प्रयत्न केला, तेव्हा तिच्या लक्षात आलं की बी.ए.च्या पहिल्या वर्षाला अर्थशास्त्र होतं तेव्हा असले वक्र आपण नुसते पाठ करून काढले होते. ही रेघ डावीकडून उजवीकडे खाली का उतरते, याचा विचार कधी केलाच नव्हता. त्या दिवसापासून ती सपाट वाचायला लागली. विरामचिन्हं पाळायची, आकृती उलगडून सांगायची आणि स्वतःला वाक्याच्या बाहेर ठेवायची.

ते पुस्तक संपलं, पण काम संपलं नाही, कारण पुस्तकच बदललं. देशाचं आर्थिक धोरण बदललं तसा विद्यापीठाचा अभ्यासक्रमही बदलत गेला. पंचवार्षिक योजनांची प्रकरणं आखडली. खाजगीकरण, परकीय गुंतवणूक अशी नवी प्रकरणं आली. डोळस मुलं अप्पा बळवंत चौकात जाऊन नवीन पुस्तक घेऊन यायची, नाहीतर गाईड. वसतिगृहातल्या मुलांकडे होती ती मागच्या अभ्यासक्रमाची ब्रेल बाडं. नवीन पुस्तक ब्रेलमध्ये येईपर्यंत मुलगा पदवीधर होऊन गावी जायचा. कॅसेट मात्र आठवड्यात तयार होत असे. नाजिमा राज्यशास्त्र वाचायला लागली, मग इतिहास, मग मानसशास्त्र. दुसरी नोकरी शोधायचं कधी बंद झालं हे तिलाही कळलं नाही. सुशीलाबाईंनी तिला वसतिगृहाच्या पगारपत्रकावर घेतलं.

मग तिचं लग्न झालं. नवरा फैज हडपसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात फिटर. हडपसर त्या वेळी अर्धं गाव होतं. घराच्या मागे अजून ऊस होता, पुढे बस आणि ट्रक. नाजिमा दुपारी खिडक्या लावून रेकॉर्डिंग करायची, तरी बाहेरचं जग आत यायचंच. योगेश तोवर एम.ए. होऊन वसतिगृहातच शिकवायला लागला होता. तो सांगायचा, "मुलांना तुमचं घर पाठ आहे. संसदीय लोकशाहीत कुकरच्या शिट्ट्या आहेत. मूलभूत हक्कांत भाजीवाली मेथी विकून जाते. मुलं म्हणतात, ताईंनी मेथी घेतली का नाही ते काही कळलं नाही."

"घेतली नव्हती. महाग होती," नाजिमा म्हणाली.

फैजला हे काम कळायचं नाही, पण त्याने कधी आडकाठी केली नाही. मुलगी झाली तेव्हा तो दुपारपाळी बदलून सकाळपाळीत गेला. नाजिमा वाचायला बसली की तो मुलीला घेऊन बाहेर ओट्यावर बसायचा.

दोन हजार एकच्या सुमारास वसतिगृहात संगणक आले. एका कंपनीने जुने झालेले दिले होते, आणि त्यातल्या एकावर पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर बसवलेलं होतं. योगेश रात्रंदिवस त्याला चिकटून बसला. एके दिवशी नाजिमा कॅसेटींची पिशवी घेऊन गेली, तर तो इंटरनेटवर इंग्रजी वर्तमानपत्र ऐकत होता.

"आजचं आहे," तो म्हणाला. "आजचं, आज. कोणाला वाच म्हणावं नाही लागलं."

त्या वेळी तो तिशीच्या आसपास होता. इतकी वर्षं दुसरा कोणीतरी वाचेल ती बातमी आणि तो वाचेल तेवढीच, असं त्याचं वर्तमानपत्र होतं. नाजिमाला आनंद झाला. बसमध्ये बसल्यावर मात्र तिला पिशवी उगीचच जड वाटली, आणि तसं वाटलं म्हणून स्वतःचाच राग आला.

पण ते यंत्र फक्त इंग्रजी बोलायचं. मराठी पुस्तकं छापली जायची ती ज्याच्या त्याच्या वेगळ्या फॉन्टमध्ये. पडद्यावर 'अर्थव्यवस्था' दिसायची, पण संगणकाच्या पोटात ती कसल्याशा चिन्हांची रांग असायची. यंत्र वाचून दाखवायचं, डॉलर, क्यू, स्वल्पविराम, क्यू. इंग्रजी माध्यमाचा अंध मुलगा स्वतःचा स्वतः वाचू लागला आणि मराठी माध्यमाचा तिथेच राहिला. वसतिगृहातली बहुतेक मुलं मराठी माध्यमाची होती. म्हणून कॅसेटी चालू राहिल्या.

दोन हजार चारच्या जानेवारीत नाजिमाचा आवाज बसला. आधी तिने लक्ष दिलं नाही. गरम पाणी, ज्येष्ठमध, असं करत ओढत राहिली. मार्चमध्ये परीक्षा होत्या. मग एका सकाळी तोंड उघडलं तर हवा तेवढी बाहेर आली. डॉक्टरांनी दुर्बीण घालून पाहिलं. स्वरतंतूंवर गाठी आल्या होत्या. आवाज फार वापरणाऱ्यांना येतात तशा.

"काय करता आपण? शिक्षिका आहात?" डॉक्टरांनी विचारलं.

फैजने उत्तर दिलं, "वाचते."

"आता वाचायचं नाही. बोलायचंही नाही. कुजबुजायचं तर मुळीच नाही. तीन महिने पूर्ण मौन, मग बघू."

योगेशचा फोन आला की फैज घ्यायचा आणि तेच तेच सांगायचा. चार-पाच वेळा असं झाल्यावर नाजिमा उठली आणि विश्रांतवाडीला गेली. तिथे गेल्यावर अडचण तिच्या लक्षात आली. तिला बोलता येत नव्हतं आणि त्याला दिसत नव्हतं. ती त्याच्यासमोर खुर्चीत बसून राहिली. योगेशने पावलं ओळखली होती.

"नाजिमाताई?"

तिने टेबलावर टकटक केलं.

मग योगेशने कीबोर्ड तिच्याकडे सरकवला. तिला टाइप करता यायचं नाही. तिने एकेक अक्षर शोधत इंग्रजी अक्षरांत मराठी लिहिलं, की मला बोलायला बंदी आहे. यंत्राने ते साहेबी थाटात वाचलं, "मॅला बोलॅयला बॅन्डी एहे."

योगेश हसायला लागला. नाजिमाही हसली, पण तिचं हसू बिनआवाजी होतं, ते त्याला कळलं नाही. तिने पुन्हा लिहिलं, की मीसुद्धा हसतेय. यंत्राने तेही वाचलं.

त्या दुपारी ते दोघं तासभर असे बोलले. आणि बोलता बोलता योगेश म्हणाला, "आता नवीन विंडोजमध्ये मराठी थेट लिहिता येतं म्हणे. युनिकोड. त्यातलं अक्षर खरं अक्षर असतं, नुसतं चित्र नसतं. आज ते बोलून दाखवणारं मराठी यंत्र नाही, उद्या येईल. आलं की आपल्याकडे वाचायला काहीतरी तयार पाहिजे ना?"

नाजिमाने लिहिलं, "शिकव."

ते तीन महिने ती टंकलेखन शिकली. त्या वर्षी मुलांनी परीक्षा दिली ती जुन्या कॅसेटींवर आणि एकमेकांच्या वर्गातल्या नोट्सवर. दोन मुलं नापास झाली. आपल्या आवाजावर एवढं सगळं टेकलेलं होतं हे तिला त्या निकालाने समजलं, आणि ते तिला आवडलं नाही.

आवाज परत आला, पण खालच्या पट्टीतला, कडा झिजलेला. सलग वाचन जमेना. ती पुस्तकं टाइप करायला लागली. पण अख्खं पुस्तक टाइप करणं म्हणजे छापलेलंच पुन्हा छापणं. प्रकाशकाच्या संगणकात ते तयार पडलेलं असणार, मग आपण का हात झिजवायचे? म्हणून ती आणि योगेश रंगनाथ आगाशे यांच्याकडे गेले. आगाशे कॉलेजची क्रमिक पुस्तकं काढायचे. त्यांच्या पुस्तकांचं बाइंडिंग एकेकाळी अकबरभाईंकडे असायचं.

आगाशे दुकानातच मागे बसत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"म्हणजे आपल्याला पुस्तक नकोय," ते म्हणाले, "पुस्तकाची फाईल हवी आहे."

"हो."

"शेतकऱ्याकडे जाऊन कणीस नको, शेत द्या म्हणण्यासारखं आहे हे."

"मुलांसाठीच वापरू," योगेश म्हणाला. "बाहेर नाही जाणार."

"तुमच्यावर माझा अविश्वास नाही. पण कॉलेजच्या गेटबाहेर झेरॉक्सवाला बसतो, त्याच्याकडे माझं पुस्तक माझ्याआधी तयार असतं. फाईल एकदा बाहेर पडली की ती कोणाची राहत नाही." मग त्यांनी नाजिमाकडे पाहिलं. "अकबरभाई बरे आहेत ना?"

"आहेत."

"त्यांना नमस्कार सांगा. त्यांनी बांधलेली पुस्तकं अजून सुटलेली नाहीत." मग ते म्हणाले, "जी पुस्तकं मी आता छापत नाही, अभ्यासक्रमातून गेलेली, ती हवी तर घेऊन जा. त्यांना कोणी चोरणार नाही."

अशी जुन्या पुस्तकांची एक सीडी मिळाली. ती उघडली तर आत तीच डॉलर आणि क्यूंची रांग. पण आता नाजिमाकडे छापील प्रत होती आणि योगेशकडे चिकाटी. कोणतं चिन्ह म्हणजे कोणतं अक्षर, हे ती छापील पानावर पाहून सांगायची आणि तो संगणकाला शिकवायचा. जोडाक्षरांनी त्यांचा जीव खाल्ला. रफार पुढच्या अक्षरावर जाऊन बसायचा आणि 'अर्थ'चा 'अथर्' व्हायचा. पहिली वेलांटी तर कायम चुकीच्या बाजूला. दीडेक वर्षाने त्यांच्याकडे असं साधन झालं की त्या फॉन्टमधलं पुस्तक एका बाजूने घालायचं आणि दुसऱ्या बाजूने खऱ्या मराठीत बाहेर काढायचं. तेवढ्यात देवनागरी बोलणारं फुकटचं यंत्रही आलं. त्याचा आवाज नळातून आल्यासारखा, उच्चार हिंदीचे. वसतिगृहातल्या मुलांनी ते नाक मुरडत ऐकलं आणि आठवड्याभरात त्याला सरावली.

आगाशे स्वतःहून आले ते दोन हजार अकरात. फोन न करता विश्रांतवाडीचं वसतिगृह शोधत आले, जिना चढून दम लागला होता. त्यांचा जुना डीटीपीवाला एका आयटी कंपनीत गेला होता, जुना संगणक मोडला होता, आणि नव्या संगणकावर त्यांची स्वतःचीच पुस्तकं उघडत नव्हती. अभ्यासक्रमात एक जुनं पुस्तक परत लागलं होतं. छापील प्रतीवरून पुन्हा सगळं टाइप करून घ्यायला वेळ नव्हता.

"आपल्याकडे असेल असं वाटलं," ते म्हणाले.

"आहे," नाजिमा म्हणाली. "तपासलेलं आहे. तुमच्या आवृत्तीतल्या छपाईच्या चुकाही काढल्यात."

"ते सांगायची गरज नव्हती."

"एक अट आहे. यापुढे तुमचं कॉलेजचं जे पुस्तक निघेल, ते ज्या दिवशी दुकानात येईल त्या दिवशी त्याची फाईल इथे यायची."

आगाशेंनी विचारलं, "अट म्हणजे अटच का?"

"हो."

त्यांनी खिशातून रुमाल काढून चष्मा पुसला. "अकबरभाईंनी कधी अट घातली नव्हती," ते म्हणाले. पण कबूल केलं, आणि पाळलं. पुढच्याच वर्षी कायदा बदलला आणि अंधांसाठी अशा प्रती करायला प्रकाशकाच्या परवानगीची गरज उरली नाही. तरीही आगाशेंची फाईल न मागता येत राहिली. जून महिन्यात वसतिगृहातल्या मुलांना नवीन पुस्तक डोळस मुलांच्या बरोबरीने मिळू लागलं. असं पूर्वी कधी झालं नव्हतं.

फार वर्षं मात्र ते चाललं नाही. मुलं पुस्तक विकत घेईनाशी झाली. आधी झेरॉक्स होतं, मग पीडीएफ आलं, मग पीडीएफसुद्धा कोणी पूर्ण वाचेना. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात व्हॉट्सअ‍ॅपवर महत्त्वाच्या प्रश्नांची उत्तरं फिरायची, तेवढ्यावर काम भागायचं. आगाशेंनी क्रमिक पुस्तकं बंद केली, मग दुकान मोबाइलवाल्याला भाड्याने दिलं. नाजिमा एकदा त्यांना भेटायला गेली, तेव्हा ते म्हणाले, "मी म्हटलं होतं ना, फाईल बाहेर पडली की कोणाची राहत नाही."

"आमच्याकडून नाही पडली."

"ते माहीत आहे मला. कोणाकडून पडली ते शोधायला मी काही निघालेलो नाही."

ज्या फायलींनी तिच्या मुलांना दार उघडलं, तसल्याच फायलींनी या माणसाचं दुकान बंद केलं होतं. तिने चहा घेतला आणि निघाली. अकबरभाईंचा कारखाना त्याआधीच मिटला होता. ते गेले त्याच वर्षी. शेवटची काही वर्षं ते फक्त वकिलांच्या फायली आणि प्रबंध बांधत होते.

तोवर सुशीलाबाईही निवृत्त झाल्या होत्या आणि वसतिगृह योगेश पाहत होता. नाजिमाला हडपसरजवळच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी मिळाली. अंध विद्यार्थ्यांचा कक्ष म्हणून एक खोली, दोन संगणक, एक स्कॅनर. फोनच पुस्तक वाचायला लागल्यापासून मुलं कक्षात क्वचितच यायची. खोली बहुतेक रिकामी असायची. ती स्कॅन केलेली पुस्तकं तपासत बसायची. एका ऑडिओ कंपनीने कोणाकडून तरी नाव ऐकून तिला चाचणीला बोलावलं. काचेच्या खोलीत बसवून कादंबरीचं पान वाचायला दिलं. तिने वाचलं. तिथला मुलगा नम्रपणे म्हणाला, "मॅम, क्लॅरिटी मस्त आहे. फक्त थोडं फ्लॅट जातंय. इमोशन नाही येत."

"ते मुद्दाम काढून टाकलंय," नाजिमा म्हणाली. त्याला ते कळलं नाही. तिनेही समजावलं नाही.

मग वीस साल आलं आणि कॉलेज बंद झालं. शिक्षक घरून शिकवायला लागले. त्यांनी सोपा मार्ग काढला. हाताने नोट्स लिहायच्या, फोनवर फोटो काढायचे आणि वर्गाच्या ग्रुपवर टाकायचे. डोळस मुलांची सोय झाली. अपेक्षाची झाली नाही. अपेक्षा चंद्रपूरकडची, पहिल्या वर्षाला, जन्मापासून दृष्टी नसलेली. टाळेबंदीत ती गावी अडकली होती. तिचा फोन उत्तम बोलायचा, पण फोटो आला की एकच शब्द म्हणायचा, "प्रतिमा". पुढचा फोटो, "प्रतिमा". तिने नाजिमाला फोन केला. रडली नाही, तक्रारही केली नाही. शांतपणे म्हणाली, "ताई, आज बावीस प्रतिमा आल्या."

नाजिमाने ते फोटो मागवले. प्राध्यापकांचं अक्षर कोणत्याही यंत्राला लागणारं नव्हतं. टाइप करायला वेळ नव्हता, उद्या पुढचे येणार होते. तिने फोन तोंडाजवळ धरला आणि वाचायला सुरुवात केली. सोळा वर्षांनी ती पुन्हा मुलांसाठी वाचत होती. आवाज लवकर थकायचा, म्हणून तुकड्यातुकड्यांनी वाचायची. फैज आता घरीच होता. ती वाचायला लागली की तो टीव्ही बंद करायचा.

"कसं वाटतंय?" तिने आठवड्याने विचारलं.

"चांगलं आहे," अपेक्षा म्हणाली. "मी दुप्पट वेगाने ऐकते. तुम्ही फार सावकाश वाचता."

"अस्सं?"

"अडीचपट केलं तरी चालतं. तुमचं सपाट आहे ना, म्हणून वेग वाढवला तरी तुटत नाही. बाकीच्यांचं तुटतं."

नाजिमाला आयुष्यात आपल्या वाचनाबद्दल मिळालेलं हे सगळ्यात नेमकं शिफारसपत्र होतं.

अपेक्षाने त्या ऑडिओ क्लिप एका मैत्रिणीला पाठवल्या. मैत्रिणीला दिसत होतं, पण फोटोतलं अक्षर वाचण्यापेक्षा भाकरी थापताना ऐकणं तिला बरं वाटलं. तिने पुढे पाठवल्या. महिन्याभरात वर्गातली निम्मी मुलं नाजिमाच्या आवाजात राज्यशास्त्र ऐकत होती. तो आवाज कोणाचा ते कोणाला ठाऊक नव्हतं. एका प्राध्यापिकेने फोन करून विचारलं, "अहो, माझ्या नोट्स कोण वाचतंय?"

"मी," नाजिमा म्हणाली. "तुम्ही टाइप करून पाठवाल, तर थांबेन."

दुसऱ्या आठवड्यापासून त्या बाई टाइप करून पाठवायला लागल्या. इतरांनीही हळूहळू सुरू केलं, सगळ्यांनी नाही.

कॉलेज उघडल्यावर अपेक्षा पुण्यात परत आली. तिसऱ्या वर्षात असताना तिने नवं गाऱ्हाणं आणलं. विद्यापीठाच्या अभ्यासक्रमाची ई-पुस्तकं एका अ‍ॅपवर आली होती, कॉलेजने वर्गणीही भरली होती, पण अ‍ॅपमध्ये पुस्तक उघडलं की फोन मुका व्हायचा. कंपनीचं ऑफिस हडपसरच्याच एका आयटी पार्कमध्ये होतं. अपेक्षाने मेल पाठवले होते, उत्तर आलं नव्हतं. शेवटी वेळ मागून घेतली.

"मी येते बरोबर," नाजिमा म्हणाली. "मी बोलेन त्यांच्याशी. मला सवय आहे."

"या," अपेक्षा म्हणाली. "पण खाली थांबाल का? तुम्ही असलात की ते तुमच्याशीच बोलतात."

"थांबते," नाजिमा म्हणाली.

गेटसमोर चहाची टपरी होती. कंपन्यांची मुलंमुली गळ्यात पट्टे अडकवून उभी होती, बहुतेक सगळी फोनमध्ये काहीतरी वाचत. नाजिमाने एक चहा घेतला, मग दुसरा. ऊन चढलं. अपेक्षा काठी टेकवत बाहेर आली, रखवालदाराला थँक्यू म्हणाली आणि टपरीपाशी येऊन थांबली.

"इथे आहे मी," नाजिमा म्हणाली. "काय म्हणाले?"

"माझ्या फोनवर करून दाखवलं त्यांना. त्यांनी कधी ऐकलंच नव्हतं म्हणे. पुढच्या महिन्यात करतो म्हणाले."

"करतील?"

"माहीत नाही. पुढच्या महिन्यात परत येईन."

"मला सांग, मीही येईन."

"लागलं तर सांगेन," अपेक्षा म्हणाली, आणि बस कुठून मिळेल ते विचारायला टपरीवाल्याकडे वळली.